मनकर्णाबाई आणि जळालेली गायबर्डी

मनकर्णाबाईंची आणि माझी ओळख भांडणानं झाली. मी तेव्हा अकोट तालुक्यात कृषी सहायक म्हणून नवा होतो आणि सातपुड्याच्या पायथ्याची सहा गावं माझ्याकडे होती. त्यांतलं अगदी डोंगराला टेकलेलं गाव म्हणजे बोरझरी. तिथल्या एका बाईंच्या वांग्यावर रोग पडलाय असं कळलं म्हणून मी गेलो. शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभं राहूनच पीक पाहिलं आणि औषधाचं नाव सांगून टाकलं. बाईंनी एक पान तोडलं आणि माझ्या तळहातावर उलटं ठेवलं. "वरून पाहून सांगता काय साहेब? खालून पाहा." पानाच्या पोटाशी बारीक लाल कोळी भरलेले होते आणि मी सांगितलेल्या औषधाचा त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नसता. मी चूक कबूल केली. त्या दिवसापासून त्या मला साहेब म्हणायच्या बंद झाल्या आणि किशोरभाऊ म्हणू लागल्या.

पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. माळ्याच्या घरातल्या. नाल्याच्या काठाला त्यांचं तीन एकर वावर होतं आणि त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, दसऱ्यासाठी झेंडू असं काही ना काही बारा महिने उभं असायचं. त्यांचे यजमान उत्तमराव कमी बोलणारे. पाणी द्यावं तर उत्तमरावांनी, असं गावात म्हणत. वाफ्याच्या टोकाला पाणी पोचलं की नाही हे ते पाठमोरे उभे राहूनही सांगायचे. मुलीचं लग्न होऊन ती भातकुलीकडे दिलेली. घरात दोघंच.

शेजारचं वावर शेषराव आणि सुंदराबाईंचं. सुंदराबाई आणि मनकर्णाबाई एकाच वर्षी लग्न होऊन बोरझरीत आल्या होत्या. बत्तीस वर्षं दोघी सकाळच्या एसटीनं अकोटच्या बाजारात भाजी नेत होत्या आणि एकाच पालावर शेजारी शेजारी टोपल्या मांडत होत्या. एकीला ताप आला तर दुसरी दोघींचा माल विकून यायची. गिऱ्हाइकांना कुणाची भाजी कुठली हे कळायचंही नाही.

वावरांच्या वर नाला, नाल्याच्या वर गायबर्डी. सागाचं, सालईचं, मोहाचं जंगल असलेला तो डोंगर. त्याच्या खांद्यावर कोरकूंचा वीस घरांचा ढाणा होता, आवळीढाणा. तिथला चंदन बेठेकर उन्हाळ्यात वनखात्याच्या कामावर असायचा. वणवा लागला की फांद्यांचे झोडपे घेऊन विझवायला जाणाऱ्या मजुरांत त्याचं नाव पहिलं.

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये गायबर्डी जळाली. ती कशी जळाली हे मला फार नंतर कळलं, गावाला कळलं तेव्हाच. पण सांगताना क्रमानंच सांगतो.

गहू निघाला होता आणि नाल्याकडच्या धुऱ्यावर वाळलेलं गवत माजलं होतं. ते काढत बसण्यापेक्षा पेटवून द्यायचं हे उत्तमरावांचं दरवर्षीचं काम. त्या सकाळीही त्यांनी तेच केलं. मनकर्णाबाई दहा पावलांवर मेथी उपटत होत्या. गवत निम्मं जळालं असेल तोवर वारा फिरला. नाल्याच्या कोरड्या पात्रात सागाची पानं गुडघाभर साचलेली होती. एक ठिणगी तिथं पडली. दोघं धावले, कडुनिंबाच्या फांद्यांनी बडवत राहिले, मनकर्णाबाईंच्या लुगड्याचा पदर जळाला. पण आग नाल्यातून पलीकडच्या काठावर चढली आणि मग ती माणसाच्या हातात राहिली नाही. उत्तमराव काठावर उभे राहून वर पाहत होते. मग ते म्हणाले, "चाल घरी. कोणी पाह्यलं नाई."

वणवा चार दिवस चालला. तिसऱ्या दिवशी वनरक्षक चौकशीला आले. गजेंद्र त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता, दोन रात्री झोपलेला नव्हता. त्यांनी नाल्याकाठच्या सगळ्या शेतकऱ्यांना विचारलं की त्या सकाळी डोंगरात कुणाला जाताना पाहिलं. उत्तमराव म्हणाले, ढाण्यातला चंदन टोपली घेऊन मोहाकडे जाताना दिसला होता. ते खोटं नव्हतं. चंदन खरंच गेला होता. मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची काही लोकांना सवय असते. ती चंदनला होती की नाही हे कुणी विचारलं नाही. मनकर्णाबाई उत्तमरावांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि घरात गेल्या.

चंदनवर गुन्हा दाखल झाला. त्याचं विझवायचं काम गेलं. चौकशी पुरी होईपर्यंत ढाण्यातल्या कुणी जळालेल्या डोंगरात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. चंदनला तालुक्याच्या कोर्टात तारखा पडू लागल्या. बोरझरीच्या फाट्यावर तो एसटीची वाट पाहत उकिडवा बसलेला असायचा आणि त्याच फाट्यावर मनकर्णाबाई भाजीच्या टोपल्या घेऊन उभ्या असायच्या. सुंदराबाई त्याच्याशी दोन शब्द बोलायच्या. मनकर्णाबाई टोपल्यांवरचं ओलं फडकं नीट करत राहायच्या.

जुलैच्या मध्यावर पाऊस आला तो सगळा गायबर्डीवर पडला. गावात नुसती भुरभुर होती. जंगल जळून गेलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. वर राखेचा घट्ट थर बसलेला असतो, त्यावरून ते काचेवरून घसरावं तसं घसरतं. सकाळचे अकरा वाजले असतील. शेषराव नाल्याकाठी मोटर काढायला गेले होते. नाल्यात तेव्हा घोटाभर पाणी होतं. मग वरच्या वळणावरून काळी भिंत आली. पाणी नव्हे, राख, चिखल, जळके ओंडके आणि बैलाएवढे दगड. बघणारे म्हणाले की शेषरावांनी मान वर करून पाहिलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ते खालच्या गावाच्या पुलापाशी सापडले.

सुंदराबाईंच्या वावरावर दगडगोट्यांचा छातीएवढा थर बसला. मनकर्णाबाईंचं खालचं अर्धा एकर गेलं. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा मनकर्णाबाई सुंदराबाईंच्या घरात चुलीपाशी बसल्या होत्या. तेराही दिवस त्या तिथंच होत्या. आल्यागेल्याला चहा करत होत्या, सुंदराबाईंना घास भरवत होत्या. किती जीव लावणारी बाई, असं मला वाटलं. मी तसं पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला बोललोही.

त्या हिवाळ्यात सरकारी कार्यक्रम मंजूर झाला. वणव्यानं आणि पुरानं नासलेले वनक्षेत्रातले पाणलोट पुन्हा उभे करायचे, वनखातं आणि कृषी खातं यांनी मिळून, तीन वर्षांत. तालुक्यातल्या चार गावांत बोरझरीचं नाव होतं. गावाची समिती करायची होती आणि अध्यक्ष बाई असावी असा नियम होता. पहिल्या बैठकीत आमच्या साहेबांनी नकाशा भिंतीवर लावला. त्यात गावाजवळ नाल्यावर एक मोठा जाळीचा बंधारा होता, खाली दोन मातीचे बांध, आणि डोंगर हिरव्या रंगानं नुसता रंगवून सोडलेला होता. बैठकीत बाया मागे बसल्या होत्या. मनकर्णाबाई उठल्या आणि नकाशापर्यंत चालत आल्या.

त्यांनी विचारलं की पाणी कुठून सुरू होतं ते यात कुठं आहे. साहेबांनी डोंगराच्या हिरव्या भागावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "मंग काम तथूनच सुरू करा ना. अथी कितीबी मोठी भिंत बांधा, वरून दगड येऊन राहिला त ते भिंत घेऊन येईन."

माथ्यापासून पायथ्याकडे काम न्यायचं हा पाणलोटाचा नियमच आहे. आम्ही तो प्रशिक्षणात शिकतो आणि वर जीप जात नाही म्हणून विसरतो. साहेब जरा ओशाळले. नकाशा बदलायचं ठरलं; जाळीचा बंधारा ठेवून वरची कामं आधी घ्यायची. मनकर्णाबाई अध्यक्ष झाल्या.

मी बऱ्याच गावांच्या बऱ्याच समित्या पाहिल्या आहेत, पण कुणी असं झटलेलं पाहिलं नाही. भाजी विकून अकरा वाजता परत यायचं आणि लगेच डोंगर चढायचा. त्यांचे गुडघे दुखायचे, उतरताना त्या काठी टेकत उतरायच्या. डोंगराच्या उतारावर आडवे समतल चर खोदायचे होते, पाणी अडून जिरावं म्हणून. जळालेल्या जमिनीवर पवन्या आणि मारवेल गवताचं बी टाकायचं होतं. आणि सर्वांत वरच्या घळीत, जिथून पूर सुटला होता, तिथं अनघड दगडांचे एकवीस बांध एकाखाली एक घालायचे होते. मनकर्णाबाई एकेक चर मोजून पाहायच्या. बी टाकल्यावर पक्षी वेचतात म्हणून माती पुन्हा सारखी करायच्या. मी एकदा म्हटलं, एवढा जीव काढू नका, अध्यक्षांनी देखरेख करायची असते. त्या तोवर पुढचा चर मोजायला गेल्या होत्या. उत्तमराव डोंगराकडे एकदाही फिरकले नव्हते. बायकोचं काम, आपण कशाला मध्ये, असं ते म्हणत, आणि लोकांना ते समजूतदारपणाचं वाटे.

अडचण मजुरांची होती. घळीत दगड रचायचं काम ढाण्यातल्या लोकांना येत होतं, पिढ्यांपासून. पण चंदनवरचा गुन्हा उभा होता आणि ढाण्यातल्या लोकांना वनक्षेत्राच्या कामावर घ्यायचं नाही, असं वरून तोंडी सांगितलेलं होतं. कागदावर कुठंच नव्हतं, पण सगळे ते पाळत होते. मग एका ठेकेदारानं बाहेरून माणसं आणली. त्यांनी मार्चपर्यंत घळीतले एकवीस बांध भराभर उभे केले. दिसायला ते सुरेख होते. मी मोजमाप घेतलं आणि सही केली.

एप्रिलमध्ये मनकर्णाबाई एकट्याच घळीत गेल्या होत्या. तिथं चंदन दिसला. जायची मनाई असूनही तो आला होता आणि एका बांधाच्या टोकाशी बसून दगड हलवून बघत होता. त्यांना पाहून तो उठला, पळाला नाही. त्या दिवशी तिथं काय बोलणं झालं ते मला मनकर्णाबाईंनीच पुढं सांगितलं.

चंदन म्हणाला होता की हे बांध टिकणार नाहीत. मध्यभाग आणि दोन्ही कडा सारख्या उंचीच्या केल्या आहेत. मध्ये खोलगट ठेवला असता तर पाणी तिथून गेलं असतं, आता ते कडेनं जाईल आणि काठ कापील. शिवाय दगड उताराच्या मातीतून उपटून आणलेत, म्हणजे डोंगर आणखी सैल केलाय. त्यानं दोन दगड काढून, सांध्यावर सांधा येऊ न देता कसे बसवायचे ते दाखवलं. मनकर्णाबाईंनी शेजारी बसून तसे तीन दगड बसवले.

मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, दरवर्षी वर पाणी भरलं की ढाण्यातून हाळी यायची, शेषराव गेले त्या दिवशी कशी आली नाही.

चंदन म्हणाला, "कोण देईन बाई? घळीच्या तोंडावर माणूस उभा राहते तवा दिसते पाणी. आमाले डोंगरात बंदी होती. मी त तारखेवर गेल्तो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी गोष्ट जशी घडली तशी त्यानं सांगितली आणि पुन्हा दगडाकडे वळला. मनकर्णाबाईंना त्यानंतर घर कधी आलं ते आठवत नव्हतं. आग लागणं चुकून झालं होतं, वारा फिरला होता, असं त्या वर्षभर मनाशी म्हणत आल्या होत्या. पण चंदनचं नाव घेतलं गेलं तेव्हा वारा फिरला नव्हता. आणि ते नाव घेतलं गेलं नसतं तर त्या जुलैत घळीच्या तोंडाशी माणूस असता.

त्यांनी उत्तमरावांना सांगितलं की आता बोलावं लागेल, तुम्हीच बोला. उत्तमराव नाही म्हणाले. महिनाभर हेच चाललं. एकदा ते म्हणाले की चंदन सुटेलच, पुरावा काही नाही, मग कशाला. एकदा म्हणाले की सुंदराबाईंना पुन्हा मारायचं आहे का. आणि एकदा, जेवता जेवता, ते ताटावरच रडले. मनकर्णाबाईंनी बत्तीस वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या गप्प राहिल्या आणि आणखी तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे सर्वांत जड गेले, असं त्या म्हणाल्या, कारण त्या काळात त्या रोज सकाळी सुंदराबाईंच्या शेजारी बसून भाजी विकत होत्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसभा होती. दुसऱ्या टप्प्याच्या कामांची आणि मजुरांची यादी मंजूर व्हायची होती. त्या सकाळी मनकर्णाबाईंनी उत्तमरावांना सांगितलं की आज मी बोलणार. उत्तमराव म्हणाले, "बोल. मी येत नाई."

शाळेच्या वऱ्हांड्यात सभा भरली. वनरक्षक गजेंद्र आले होते, मी होतो, आमचे साहेब होते. बायांच्या घोळक्यात सुंदराबाई आणि मनकर्णाबाई नेहमीसारख्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. ढाण्यातले चारपाच लोक बाहेर चिंचेखाली उभे होते. सरपंचांनी यादी वाचली. ढाण्यातलं एकही नाव त्यात नव्हतं. कुणाची हरकत आहे का, असं विचारलं तेव्हा मनकर्णाबाई उठल्या. मला वाटलं, बांधांबद्दल बोलतील.

"गायबर्डीची आग आमच्या धुऱ्यावरून गेली," त्या म्हणाल्या. "यायनं गवत पेटवलं, मी संग होती. चंदननं नाई लावली. त्याचं नाव सांगतलं तवा मी मागं उभी होती अन् चूप राह्यली."

त्यांनी मग हाळीचं सांगितलं. ढाण्यातला माणूस त्या दिवशी वर का नव्हता, ते सांगितलं. त्या सरपंचांकडे किंवा गजेंद्रकडे पाहून बोलत नव्हत्या, खाली सुंदराबाईंकडे पाहून बोलत होत्या.

सुंदराबाईंनी बसल्या जागेवरूनच विचारलं, "हे गेले तवा तेरा दिवस तू माह्या घरी होती."

"हाव."

"तवा बी मालूम होतं तुले."

"हाव."

सुंदराबाई हात टेकून उठल्या. वाटेत बसलेल्या बायांनी पाय आवरून घेतले. त्या पायऱ्या उतरून, चिंचेखालच्या लोकांच्या जवळून, सरळ घराकडे गेल्या. कुणी त्यांच्या मागे गेलं नाही. नेहमी जायची ती बाई वऱ्हांड्यात उभी होती.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. गजेंद्रनी त्याच दुपारी उत्तमरावांचा जबाब घेतला. उत्तमरावांनी काही लपवलं नाही, मनकर्णाबाई बोलल्या होत्या तसंच शब्दाला शब्द सांगितलं. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. घरातल्या माणसावर वनगुन्हा असेल तर समितीवर राहता येत नाही म्हणून मनकर्णाबाईंचं अध्यक्षपद गेलं. चंदनवरचा गुन्हा मागे घ्यायला त्यानंतर आणखी सात महिने लागले. तोवर खऱ्या आणि खोट्या, दोन्ही आरोपींच्या तारखा चालू होत्या, आणि एक दिवस दोघं एकाच एसटीत होते. चंदननं उत्तमरावांना बसायला जागा दिली. उत्तमराव उभेच राहिले.

मात्र एक गोष्ट लगेच झाली. ढाण्यातल्या लोकांवरची तोंडी बंदी उठली. गजेंद्रनी त्यासाठी स्वतः धावपळ केली, असं मी ऐकलं. पाऊस तोंडावर आला होता आणि घळीतले बांध चुकीचे होते. मीच सही केलेली असल्यामुळे ते मलाही लिहून द्यावं लागलं. त्याबद्दल मला नोटीस आली, ती यायलाच हवी होती. ढाण्यातल्या चौदा जणांनी पंधरा दिवसांत वरचे बांध उकलून पुन्हा रचले, मध्ये खोलगट ठेवून आणि कडा काठात रुतवून. पंधरा दिवसांत बारा झाले. नऊ तसेच राहिले.

मनकर्णाबाई दुसऱ्याच दिवशी मजूर म्हणून कामावर गेल्या. ढाण्यातल्या बायांनी दगडांच्या रांगेत त्यांना जागा दिली, पण बोलायला कुणी आलं नाही. चंदनच्या बायकोनं पहिल्या दिवशी त्यांच्या हातचा दगड घेतला नाही. तो खाली ठेवायला लावला आणि मग उचलला. नवऱ्याबरोबर ती बाई तेरा तारखांना गेली होती, अंगावरच्या लेकराला घेऊन. मनकर्णाबाई दगड खाली ठेवत राहिल्या. आठवड्यानं तिनं हात पुढे केला. तोही कंटाळून केला असेल, असं मनकर्णाबाईच म्हणाल्या.

त्या जुलैत पुन्हा तसाच पाऊस झाला. मी त्या दिवशी बोरझरीत होतो. दहाच्या सुमाराला डोंगरावरून लांबट हाळी आली, मग दुसरी, आणि नाल्याकाठचे लोक गुरं सोडून वर पळाले. अर्ध्या तासानं पाणी आलं. ते गढूळ होतं, पण काळं नव्हतं. पुन्हा रचलेले बाराही बांध टिकले. न उकललेल्या नवांपैकी पाच कडेनं फुटले, चंदन म्हणाला होता तसेच. गावाजवळच्या मोठ्या जाळीच्या बंधाऱ्याचा एक काठ कापला गेला आणि तिथून पाणी पुन्हा सुंदराबाईंच्या वावरात शिरलं. वर्षभर निवडून निवडून त्यांनी जेवढी जमीन मोकळी केली होती तिच्यावर पुन्हा वाळू बसली. जीव कुणाचा गेला नाही.

पुढं माझी बदली भातकुलीला झाली. गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त अकोटला गेलो तेव्हा बाजारात डोकावलो. सुंदराबाई जुन्या जागी होत्या, शेजारची जागा रिकामी. मी मेथी घेतली, बसलो. विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. बोरझरीतले लोक मनकर्णाबाईंना नावं ठेवतात ते त्यांना आवडत नव्हतं. ज्यांनी कधी आपल्या धुऱ्यावर काडी लावली नाही त्यांनीच बोलावं, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी तिले शाप देत नाई, किशोरभाऊ. पण तिच्या जोळ बसणं मले जमत नाई."

मनकर्णाबाई बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, दोरखंडवाल्याच्या दुकानासमोर बसत होत्या. तिथं गिऱ्हाईक कमी. वाळल्या होत्या. उत्तमरावांचं विचारलं तर म्हणाल्या की जेवतात, वावरात जातात, तारखेला जातात. घरात भांडण झालं नाही, बोलणंही विशेष होत नाही. पाण्याच्या पाळीपुरतं बोलतात. त्यांनीच मला विचारलं की आपण त्या दिवशी बोललो नसतो तर सुंदराबाईंना निदान एक माणूस उरलं असतं का. मी म्हटलं, तुम्ही बोललात म्हणून पुढच्या पुरात नाल्याकाठची माणसं वाचली. त्यांनी मान हलवली, पण हे उत्तर त्यांनी मागितलेलं नव्हतं.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. गायबर्डीवर गवत आलंय, पवन्या कमरेएवढा. साग फुटलाय. चरांत माती धरलीय. पण घळीतले बांध गाळानं भरत आलेत आणि दर पावसाळ्याआधी ते मोकळे केले नाहीत तर पाणी त्यांच्यावरून सरळ येईल. कार्यक्रमाची तीन वर्षं मार्चमध्ये संपणार होती. त्यानंतर ते बांध कुणाचे, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, तिथंच बाजारात, टोपलीवर वही ठेवून. गाळ काढायची दरवर्षीची सोय व्हावी, आणि पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी राखणीला एक माणूस रीतसर नेमावा. खाली नावं लिहिताना त्या म्हणाल्या की चंदनचं आधी लिहा, माझं शेवटी.

अर्ज दिल्याला पाच महिने झाले. कार्यक्रम संपला, त्याचा फलक गावात अजून उभा आहे. अर्जाला उत्तर आलेलं नाही. मी दोनदा जाऊन विचारलं, तो या टेबलावरून त्या टेबलावर गेल्याचं कळलं.

मागच्या रविवारी मनकर्णाबाईंचा फोन आला. ढाण्यातले आठ आणि गावातले चार, असे बारा जण स्वतःहून घळीत गाळ काढायला गेले होते. उत्तमरावही सकाळी फावडं घेऊन निघाले होते, कुणी न सांगता. नाल्यापर्यंत आले. पलीकडच्या काठावर जळून काळा पडलेला सागाचा बुंधा अजून तसाच आहे, तिथं ते उभे राहिले, आणि थोड्या वेळानं मागे फिरले. मनकर्णाबाई वरून पाहत होत्या. त्यांनी हाक मारली नाही.

बाकीच्यांनी त्या दिवशी दोन बांध मोकळे केले. पावसाला तीन आठवडे उरले होते आणि चौदा बांध राहिले होते. पुढच्या रविवारी येता का, असं त्यांनी मला विचारलं. मी येतो म्हणालो.